माझ्या चार्टवर दुसरीची माय

१८ जून २०२५, बुधवार. नागपूर

खोटं बोलले. चाळीस लोकांसमोर, माइक हातात धरून, डोळ्यांत पाणी आणून — धडधडीत खोटं! आणि लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

सगळे खाली चहाला गेलेत. मी डोकं दुखतं म्हणून खोलीत येऊन बसले. म्हणजे हेही खोटंच.

घडलं ते असं. नेतृत्व शिबिराचा आज तिसरा दिवस. बाहेरून पोटासाठी आलेल्या मजुरांचं काम करणाऱ्या संस्थांमधून आम्हाला निवडलंय. बॅनरवर लिहिलंय — 'लोकसेवेतील उद्याचे नेते'. सकाळी खुशबू मॅडमनी, म्हणजे हा सगळा कार्यक्रम चालवतात त्यांनी, प्रत्येकाला चार्टपेपर आणि स्केचपेन दिलं. म्हणाल्या, आपापली जीवनरेषा काढा. जन्मापासून आजपर्यंत एक रेष. सुख आलं तिथं वर, दुःख आलं तिथं खाली. मग पुढं येऊन सांगायचं.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत पंधरा जणांचं झालं. एकाचा भाऊ सुरतेला मशीनमध्ये सापडून गेलेला. एकीचं अर्धं बालपण ऊसतोडीत गेलेलं. ज्याची रेष जास्त खाली त्याला टाळ्या जास्त. माझी रेष आपली रोडासारखी सपाट. बी.ए., एम.एस.डब्ल्यू., मग गोंदियाच्या मजूर मदत केंद्रात नोकरी, अकरा वर्षं. आई तापानं गेली, तेवढा एक खड्डा.

खरी खाली जाणारी जागा आहे माझ्या रेषेवर. पण ती काढता येत नाही. बाबा मुकादम होते. छत्तीसगडच्या गावांतून माणसं आणायची आणि आमगावकडच्या विटाभट्ट्यांवर सोडायची, हा त्यांचा धंदा. मजुरांच्या संस्थेत मुकादमाची पोरगी! आमचे संचालक चंद्रशेखर सर, त्यांनाही माहीत नाही. सगळ्यांना सांगितलंय — बाबा शेतीवर होते.

माझा नंबर आला. खुशबू मॅडम हळूच म्हणाल्या, "अंजना, भीती वाटत असेल तर नको." आणि मी उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. म्हटलं, माझे आईवडील विटाभट्टीवर मजूर होते. तिथं बाजाराच्या दिवशी माणसांना बाजारात सोडायचे, पण बायका-पोरांना खोलीत घालून बाहेरून कुलूप लावायचे. बाई आत असली की माणूस पळून जात नाही, वापस येतो. अशाच एका बाजाराच्या दिवशी आईला कळा सुरू झाल्या. मी सहा वर्षांची. दाराच्या फटीतून हात काढून ओरडत राहिले. कोणी कुलूप उघडलं नाही. आई किंचाळत होती. संध्याकाळी माणसं आली तेव्हा आईही नव्हती, बाळही नव्हतं.

हे सगळं खरं आहे. शब्द न् शब्द. फक्त माझं नाही. दुर्गेश्वरीचं आहे.

१९ जून

खुशबू मॅडम मिठी मारून म्हणाल्या, "तू आमच्या बॅचचा चेहरा आहेस." थू.

२० जून, शुक्रवार. गोंदिया

घरी आले. बाबा पडवीत खाटेवर. दोन वर्षांपूर्वी लकवा मारल्यापासून डावा हात पोटाशी धरून बसलेले असतात. "काऊन वं, काय शिकोलं त्यायनं? पुढारी बनवून राहिले का तुले?" हसले. मी पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेले.

दुर्गेश्वरीबद्दल लिहून टाकते, नाहीतर डोक्यात गरगर चालूच राहील. चार वर्षांपूर्वी ती केंद्रात आली ती मदत मागायला. राइस मिलमध्ये हमाली करायची, मुनीमानं तिचं आधार कार्ड ठेवून घेतलेलं. कार्ड सोडवून दिलं, तर दुसऱ्या दिवशी आणखी तीन बायांना घेऊन हजर! पाचव्या दिवशी सर म्हणाले, हिला फोनवर बसवा. तेव्हापासून केंद्राचा फोन तिच्याकडं. सातवी शिकलेली. पण मिलवाल्याशी बोलते तेव्हा मी दाराआड उभी राहून ऐकते. बिहारचा मजूर असो, बालाघाटचा असो, डोंगरगडचा असो, हिचा आवाज ऐकला की सगळं सांगतो.

तिच्या आईचं तिनं मला एकटीलाच सांगितलेलं. दोन वर्षांपूर्वी, एका मजुराच्या बाळंत व्हायला आलेल्या बायकोला दवाखान्यात सोडून आलो तेव्हा. बाकावर बसून. रडली नाही. शेवटी म्हणाली, "किसी को बताना मत ताई. लोग फिर वैसेच देखते."

कोणाला सांगितलं नाही गं. फक्त चाळीस लोकांना सांगितलं.

२१ जून

दुर्गेश्वरीची भट्टी आमगावकडचीच. पण त्या भागात तेव्हा पाच-सहा मुकादम होते. आमचे बाबाच असतील असं थोडंच आहे! भट्ट्याही किती होत्या.

२४ जून, मंगळवार

आज जे झालं ते लिहायला धीर होत नाही.

शिबिरवाल्यांनी माझ्या भाषणाचा व्हिडिओ केला होता. मला ठाऊकच नव्हतं. चंद्रशेखर सरांच्या फोनवर आला. मंगळवारची मीटिंग, आम्ही सहा जण टेबलाभोवती. सर भारी खूश. "अरे, आपल्या अंजनाने नागपूर हिला के रख दिया!" आणि लावला. मी म्हटलं राहू द्या ना सर, लाज वाटते. "लाज कायची?" म्हणे.

माझा आवाज फोनमधून. बाजाराचा दिवस. कुलूप. फटीतून हात.

दुर्गेश्वरी माझ्या समोर बसली होती. मला वाटलं उठून जाईल. वाटलं एक कानाखाली वाजवेल, बरं होईल. तिनं काय करावं? पुढं वाकली आणि म्हणाली, "आवाज बढ़ाओ ना सर."

सरांनी वाढवला. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग केंद्राचा फोन वाजला आणि ती उठली. "हां भैया, बोलो. कौन सी मिल?" तसाच नेहमीचा आवाज.

मुन्ना, आमचा हिशेबनीस, डोळे पुसत म्हणाला, "ताई, आप कभी बोले नहीं." सगळे माझ्याकडं त्याच नजरेनं पाहून राहिले होते. लोग फिर वैसेच देखते. ती नजरसुद्धा मी तिची चोरली!

२९ जून, रविवार

पाच दिवस झाले. त्यावर ती एक शब्द बोलली नाही. "ताई चहा?" विचारते. "ताई, तहसीलचा कागद झाला का?" विचारते. बोल ना बाई काहीतरी! शिव्या दे! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त इथं मार खायची लायकी माझीच आहे.

रोज ठरवते आज माफी मागायची. रोज घरी येऊन बाबांना भाकर वाढते.

४ जुलै, शुक्रवार

शिबिराच्या दुसऱ्या बॅचचे फॉर्म आले. या वेळी संस्थेतल्या कोणीही भरावा, शिक्षणाची अट नाही. आणि याच शिबिरवाल्यांकडून आमच्या संस्थेला तीन वर्षांची मदत मिळायची आहे — संस्था बळकट करायची म्हणून — ती आता अगदी ठरत आली आहे. सर म्हणतात, आपले दोन नेते झाले तर सोन्याहून पिवळं.

दुर्गेश्वरी म्हणाली, "सर, मैं भरूं?"

सर खुर्चीतून उठलेच. "भर! तूच भर!"

चोराच्या मनात चांदणं. पहिला विचार काय आला? हिला जमेल का, हिचं भलं होईल का — नाही. पहिला विचार, ही मुलाखतीत सांगून टाकेल.

फॉर्म मोनूनं भरून दिला, आमच्या कॉम्प्युटरवाल्या पोरीनं. मी मागं उभी. संध्याकाळी पायऱ्या उतरताना मी दुर्गेश्वरीला म्हटलं, अगदी मोठ्या बहिणीच्या गोड आवाजात — "मुलाखतीत कामाचं सांग हो. मिलवाल्यांचं, आधार कार्डाचं. घरचं नको सांगू. रडायला येतं मग, छाप पडत नाही."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "हव ताई," म्हणाली.

स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता. तिची आई तर घेतलीच, आता तिचं तोंडही बंद करायला निघाले.

१० जुलै, गुरुवार. आषाढ पौर्णिमा

विहारात गेले. वर्षावास सुरू झाला, गर्दी होती. पंचशील सगळे मोठ्यानं म्हणत होते. मी तिसऱ्या शीलापर्यंत बरोबर. चौथं आलं — मुसावादा वेरमणी, खोटं बोलणार नाही — आणि आवाजच फुटेना. ओठ हलवत राहिले. शेजारी नंदाबाई, आमच्या गल्लीतल्या. म्हणाल्या, "काऊन वं अंजना, घसा बसला का?"

हो म्हटलं. विहाराच्या आत, चौथ्या शीलाच्या लगेच नंतर, पुन्हा खोटं!

१६ जुलै, बुधवार

दुर्गेश्वरी मुलाखतीला सकाळच्या गाडीनं नागपूरला गेली. निळी साडी, नवी चप्पल. सरांनी स्टेशनपर्यंत सोडलं. मीही जायला हवं होतं. नाही गेले.

दिवसभर फोन माझ्याकडं. एकूण सात आले. तिरोड्याकडून श्यामलाल नावाचा हमाल — पोतं पाठीवर पडलंय, मालक दवाखान्याचं नाव घेत नाही. मी विचारलं पूर्ण नाव, जिल्हा, तालुका, केव्हापासून काम करता. तो मध्येच म्हणाला, "दीदी कहां है? दीदी को दो." म्हटलं मी तिची वरिष्ठ आहे, मला सांगा. म्हणे, "नहीं, दीदी आएगी तब करूंगा." आणि ठेवला! पाठ मोडलेला माणूस थांबायला तयार, पण माझ्याशी बोलायला नाही.

शेवटी मीच त्याला परत लावला, ॲम्ब्युलन्स पाठवली. तेवढं तरी केलं.

१७ जुलै

ती आली. "कशी झाली?" "हो गई ताई." बस, एवढंच.

२१ जुलै, सोमवार

खुशबू मॅडमचा फोन. "अंजना, जरा नाजूक विषय आहे."

मला कळलंच.

मुलाखतीतही चार्टपेपर दिला होता. दुर्गेश्वरीनं रेष काढली, आणि खाली नेली. बाजाराचा दिवस, कुलूप, आई. समितीतले सगळे एकमेकांकडं पाहू लागले म्हणे, कारण सगळ्यांनी माझा व्हिडिओ पाहिलेला. खुशबू मॅडमनी तिला विचारलं, "ही तर अंजनाची गोष्ट आहे ना?"

आणि तिनं काय सांगितलं? "हां मॅडम. ताई की है. मैंने सुनी थी. मेरे पास ऐसा कुछ नहीं है." वरून तसं लिहूनही दिलं, सहीसकट.

मॅडम म्हणत होत्या, "खूप वाईट वाटलं गं. तुझं दुःख असं वापरायचं! अशी व्यक्ती हेल्पलाइनवर असणं कितपत योग्य आहे? तुझं काय मत?"

इथं बोलायचं होतं. फोन माझ्या हातात, तोंड माझं, एवढी चार अक्षरं — गोष्ट तिची आहे. मी काय म्हटलं? "हं... बघते मॅडम."

बघते! काय बघतेस अंजना?

२२ जुलै

आजही सांगितलं नाही.

२५ जुलै, शुक्रवार

आज दुपारी केंद्रात आम्ही दोघीच. सगळे आमगावला मजुरांच्या शिबिराला गेले, मोनू सुट्टीवर, तिच्या घरची धानाची रोवणी चालू आहे. दुर्गेश्वरीनं डबा उघडला. मी विचारलं, पोळी मोडता मोडता, जसं काही सहजच, "तू तसं काऊन सांगितलं त्यांना?"

तिनं खाणं थांबवलं नाही.

"मैं वो नहीं बताने वाली थी ताई. तुम बोले थे ना, मत बता. पर वो लोग रेखा निकालने बोले. अपनी रेखा निकालो बोले, तो दाई तो आएगी ना उसमें."

दाई म्हणजे त्यांच्या बोलीत आई.

"मग खरं सांगायचं! माझं नाव सांगायचं!"

"और फिर? तुमको मिल का मुनीम कुर्सी देता है. तहसील में तुमको अंदर बुलाते, मुझे बाहर खड़ा रखते. कल को सब बोलेंगे ताई झूठी है, सेंटर झूठा है. पैसा बंद, सेंटर बंद. फिर वो श्यामलाल किसको फोन करेगा? मेरे पास तो अपना बैलेंस भी नहीं रहता."

म्हणजे त्या खोलीत, चार परक्या शिकलेल्या लोकांसमोर, दोन मिनिटांत हिनं हा सगळा विचार केला. केंद्राचा, श्यामलालचा, माझासुद्धा. आणि 'उद्याचे नेते' बॅनरखाली फोटो माझा!

मी म्हटलं, मला माफ कर. किती दिवस जिभेवर होतं. निघालं तेव्हा अगदी फुसकं वाटलं.

"माफी का क्या करूं ताई? डिब्बे में रखूं?" आता तिचा आवाज चढला. पहिल्यांदाच. "मेरे को एकच बात का गुस्सा है. तुमने गलत बताया. तुम बोले, आई किंचाळत होती. मेरी दाई नहीं चिल्लाई थी. लुगरा दांत में दबा ली थी, मैं डर न जाऊं करके. चिल्लाई तो मैं थी. मेरी दाई एक बार भी नहीं चिल्लाई."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ते किंचाळणं का घातलं होतं? तिथं जरा कमी पडतंय असं वाटलं म्हणून. टाळ्यांसाठी.

ती डबा धुवायला गेली. मी रडत बसले. आल्यावर म्हणाली, "रोओ मत, कोई आएगा तो क्या बोलेगा," आणि माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला.

२७ जुलै, रविवार

पत्र लिहिलं. चौथ्यांदा लिहिलं तेव्हा बरं झालं. खुशबू मॅडमना आणि सरांना, दोघांनाही पाठवलं. 'जीवनरेषेत सांगितलेली घटना माझ्या आयुष्यातली नाही. ती दुर्गेश्वरीच्या आयुष्यातली आहे. मी ती तिला न विचारता वापरली. तिनं मला वाचवण्यासाठी खोटं लिहून दिलं. तिचा अर्ज पुन्हा विचारात घ्यावा.'

बाबांचं मात्र नाही लिहिलं. मुकादम हा शब्द नाही लिहिला. म्हातारा माणूस, एक हात गेलेला, त्याला कशाला मध्ये ओढायचं — असं स्वतःला सांगितलं. पण खरं म्हणजे तेवढी मूठ झाकून ठेवावी वाटली.

पाठवल्यावर भूक लागली. किती दिवसांनी! बाबांनाही दोन घास जास्त वाढले. "आज खुश दिसून राहिली," म्हणाले.

३१ जुलै, गुरुवार

करायला गेले एक, झालं भलतंच.

आधी खुशबू मॅडमचा फोन. "अंजना, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. ज्या मुलीनं तुझं दुःख चोरलं, तिला वाचवायला तू स्वतःवर घेतेस? हेच तर नेतृत्व! काल नव्या बॅचला मी ते वाचून दाखवलं, नाव न घेता."

म्हटलं मॅडम, मी खरं सांगतेय. म्हणाल्या, "मला माहीत आहे तुला तसंच म्हणावं लागेल." म्हटलं, माझे आईवडील भट्टीवर नव्हतेच. म्हणाल्या, "मग कुठं होते? तुला हे सगळं इतकं बारीक कसं माहीत? अगं, आम्ही तुझा चेहरा पाहिलाय बोलताना." आणि इथं मला उत्तर देता येईना. कारण उत्तर एकच होतं आणि ते मी झाकून ठेवलेलं.

चोर ओरडतोय मी चोर, आणि लोक म्हणतात, किती नम्र माणूस!

मग सर. त्यांनी दार लावून घेतलं. "बाई, आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घ्यायचा शौक आहे का? खरं काय खोटं काय, मला ऐकायचंच नाही. तीन वर्षांची मदत कागदावर आलीय. तिकडून स्पष्ट सांगितलंय, ती मुलगी फोनवर नको. पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन झालं की तिला थांब म्हणून सांगायचं. तूच सांग, तुझं ऐकते ती."

मी म्हटलं, "सर, तिला काढलं तर केंद्रात उरतं काय?"

"तू आहेस ना," म्हणाले.

बाहेर दुर्गेश्वरी फोनवर कोणाला तरी ओरडत होती, "अरे भैया, अंगूठा मत लगाना, पहले पढ़वा लो!" पंधरा दिवस राहिलेत तिचे. आणि ते तिला मी सांगायचं!

१ ऑगस्ट

एकच वाट आहे. पूर्ण लिहायचं. माझे वडील मुकादम होते, म्हणून मला त्या खोल्या माहीत, ती कुलपं माहीत. हे लिहिलं की मानतील. पण आधी बाबांना सांगायला हवं. त्यांचं नाव त्यांना न विचारता घ्यायचं नाही. एकदा असं केलंय, पुरे झालं.

२ ऑगस्ट, शनिवार

सकाळी चहा दिला आणि बाबांच्या खाटेवर बसले. सगळं सांगितलं. शिबिर, माझं खोटं, पत्र, सगळं. नाव कोणाचं घेतलं नाही. एक छत्तीसगडची बाई, बाजाराचा दिवस, बाहेरून कुलूप, सहा वर्षांची पोरगी, एवढंच. म्हटलं, तुम्ही मुकादम होता हे आता मला लिहावं लागेल.

चहा तसाच राहिला. बाबा भिंतीकडं पाहत होते.

मग म्हणाले, "सुकवारो."

"काय बाबा?"

"सुकवारो नाव होतं तिचं. चाबी माह्या कमरेले होती. मी बाजारात नोहतो गेलो. भायेरच बसलो होतो, निंबाखाली. मालक म्हणे, माणसं वापस येईपर्यंत उघडायचं नाही." उजवा हात कमरेशी चाचपत होता. "ते पोट्टी फटीतून हात काढत होती. ते पोट्टी... जिती हाय का वं?"

तिच्या आईचं नाव मला माहीत नव्हतं. चाळीस लोकांना तिचं मरण सांगितलं, पण नाव दोन वर्षांत एकदाही विचारलं नाही.

तिथंच बसून दुर्गेश्वरीला फोन लावला. म्हटलं, तुझ्या आईचं नाव काय होतं?

"सुकवारो," ती म्हणाली. "क्यों ताई?"